लिंडाच्या फ्रिजवरचा डबा

मी पद्मिनीचा डबा बोलतोय. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, पोटावर तिचं नाव कोरलेला. नाशिकला असताना मी सारखा घराघरांतून फिरायचो. भरून जायचो, भरून यायचो. डबा रिकामा परत करायची तिथे पद्धतच नव्हती. मग अमेरिकेत, कॅरी गावात आलो आणि कपाटात बसलो. पद्मिनीचा नवरा श्रीरंग गाडी घेऊन ऑफिसला गेला की तिच्याशी बोलायला दिवसभर कुणी नसे. तीही कंटाळलेली, मीही.

शहाऐंशीच्या जानेवारीत ते अंतराळयान आकाशात फुटलं. सात जण गेले, त्यांत एक शाळेतली शिक्षिका. संध्याकाळी पद्मिनीने खिडकीतून पाहिलं, तर शेजारची लिंडा गाडीतून उतरतच नव्हती. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. लिंडाही शिक्षिका, एकटीच राहणारी.

पद्मिनीने पिठलं-भात केला.

"अगं, तिचं कुणी गेलं नाहीये," श्रीरंग म्हणाला. "उगाच ऑकवर्ड होईल तिला."

"गेली ती टीचर, ही पण टीचर. हिच्याकडे आज गॅस पेटेल का?"

दारात ती एवढंच म्हणाली, "यू ईट. टुडे नो कुकिंग." लिंडाने मला घेतलं आणि दार लागलं. तिने उभ्याउभ्याच, माझ्यातूनच खाल्लं. रडत खाल्लं.

मग मला घासून फ्रिजवर ठेवलं. तिथे मी वर्ष काढलं. लिंडा मधूनच मला दारापर्यंत न्यायची. पण या लोकांना काय चालतं, आत काय घालून द्यावं, तिला कळत नसे. पुन्हा फ्रिजवर. पलीकडे पद्मिनीला वाटलं असणार, आपलं चुकलंच. लिंडाची गाडी आली की ती पडदा ओढून घ्यायची. मधे नुसती हिरवळ होती. मला हाक मारता येत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या जानेवारीत त्याच तारखेला, शाळेत सात मेणबत्त्या लावून लिंडा घरी आली, मला उचललं आणि थेट पद्मिनीकडे निघाली. रिकामाच. मला फार लाज वाटली.

"आय नेव्हर न्यू व्हॉट टु पुट इन इट," ती म्हणाली. मग हळूच, "आय हॅड अप्लाइड टू. फॉर दॅट सीट."

यानातल्या त्या जागेसाठी देशभरातून हजारो शिक्षकांनी अर्ज केले होते. त्यांत एक हिचा होता, आणि हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

पद्मिनीने आधी मला नाही, तिचा हात धरला. "कम," म्हणाली, आणि बेसन काढलं. त्या दिवशी मी कुठेच गेलो नाही. दोघींच्या मधे टेबलावर बसलो, भरलेला.

आता माझा मुक्काम कधी फ्रिजवर, कधी कपाटात. तुमच्याकडे कुणाचा डबा राहून गेला असेल, तर आज नेऊन द्या. आत काय घालावं ते सुचत नसेल, तर रिकामाच न्या. मी सांगतो, चालतं.