धक्का-स्टार्ट

लखनलाल रहांगडालेची पिकअप धक्क्याशिवाय सुरू झालेली दवनीवाड्यात कोणाला आठवत नव्हती. इंजिन दम गेलेलं. गल्लीत गाडी मावायची नाही, म्हणून ती रात्रभर दुलारीबाईच्या चायटपरीजवळ उभी राहायची. सकाळी भाजीची पोती लादली, की लखनलाल खिडकीतून बोंब मारायचा, "या रे रिकामटेकडेहो!"

टपरीवर बसलेले लोक कप खाली ठेवून उठायचे. सेवकराम सगळ्यात पुढे.

"लखन्या, इकून टाक ना हे म्हातारी!"

"जोर लाव बे! रातच्याला बायकोनं जेवाले नाही देल्लं काय?"

गाडी भकभक करत पेटायची. मग ती बंद करायची सोय नव्हती. गाडी तशीच धुरकत ठेवून लखनलाल उतरायचा आणि धक्का मारणाऱ्यांना चाय पाजायचा. आदल्या दिवसाच्या शिव्या उरल्या असतील त्या तेव्हा दिल्या-घेतल्या जायच्या. बायको दुर्गा वारल्यापासून दिवसभरात त्याचं बोलणं म्हणावं ते एवढंच. गोंदियाच्या बाजारात फक्त भाव बोलतात. घरी भिंती, त्या तर भावही विचारत नाहीत.

मेल्यावर चार खांदे फुकट मिळतात. जित्या माणसाला खांदा हवा असेल तर गाडी बंद पडावी लागते. ही आपल्या गावाची रीत, आणि वर आम्ही माणुसकीच्या गप्पा मारतो.

पुण्याहून देवेंद्रचा फोन आला. "बाबा, रोज लोकांच्या हातापाया पडता. मला शरम वाटते. इंजिनच बदलून घ्या, पैसे मी पाठवतो."

"तू कधी येऊन राहिला?"

"बघतो."

हल्लीची पोरं अशीच. स्वतः येणं जड जातं, मग वस्तू धाडतात. गाव म्हणालं, पोरगा गुणाचा निघाला. खाक गुणाचा!

गोंदियातल्या ओमेश मिस्त्रीने एका अपघाती गाडीचं नव्या मॉडेलचं इंजिन आणलं. जुन्या चेसिसवर ते बसेना. इंजिन टेकवायचे जुने पाय कापले, नवे वेल्डिंग केले, शाफ्ट छाटून घेतला. मग म्हणाला, "काका, चाबी घुमाओ और भूल जाओ. आता धक्क्याचं कामच नाही."

जुनं इंजिन कोपऱ्यात तेल गाळत पडलं होतं. लखनलालने त्याच्यावर एकदा हात फिरवला आणि निघाला.

दुसऱ्या सकाळी सेवकराम सवयीने कप ठेवून उठला, तळवे चोळले. लखनलालने चावी फिरवली. गाडी पटकन पेटली, धूर नाही की भकभक नाही.

"अबे वा!" सेवकरामने टाळी वाजवली.

"बरं झालं भाऊ," दुलारीबाई म्हणाली, "सुटले सगळे."

सगळे हसले आणि परत बाकावर बसले. लखनलाल गाडीतच राहिला. उतरायला आता निमित्त नव्हतं. ज्यांना जन्मभर रिकामटेकडे म्हटलं, त्यांच्यात नुसतं जाऊन बसायचं कसं? धक्का मागता येतो, माणूस मागता येत नाही. त्याने हॉर्न दिला आणि गेला.

असाच पंधरवडा गेला. कोणी उठेना. पुढे कोणी मान वर करून बघेनाही.

मग एका सकाळी लखनलालने अंधारातच बॉनेट उघडलं, पान्याने बॅटरीची वायर ढिली करून बाजूला काढली. उजाडल्यावर पोती लादली, चावी फिरवली. खट्ट. लग्नाला उभ्या पोरासारखा त्याने सदरा नीट केला.

"या रे रिकामटेकडेहो!"

सेवकराम एकटाच आला. बाकीचेही उठत होते, पण त्याने हाताने थांबवलं. "बसा गा, नव्या गाडीले धक्का कायले? पाहू द्या." त्याने बॉनेट उघडलं.

"वायर निघाली ना बे! पाना दे."

लखनलालने पाना दिला. सेवकरामने दात आवळून नट कसला, पुन्हा एकदा कसला, वायर ओढून पाहिली.

"आता बापजन्मी निघत नाही. जाय बिनधास्त."

लखनलालने चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"चाय घेतो काय गा?" त्याने खिडकीतून विचारलं. पण तोवर सेवकराम पाठ फिरवून बाकाकडे निघाला होता, आणि नव्या इंजिनाचा आवाज काही एवढा नव्हता, की ऐकू गेलं नाही म्हणावं.