बुधवारचा दोरा

“हात नको लावूस,” बाबा म्हणाले. “यंदा ऊन फार आहे, म्हणून पडलीत जरा. उठतील.”

मी तरीही कोरफडीचं पान दोन बोटांत धरलं. एरवी टणक असायचं, आता मऊ पडलं होतं. दगडांमधली निम्मी झाडं तरी अशीच सुरकुतली होती. आई जाऊन साडेतीन महिने झाले होते.

बाबा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचे. आमच्याकडे कमी का, त्यांच्याकडे जास्त का, म्हणून एकतीस वर्षं लोकांनी त्यांचं डोकं खाल्लं. घरी तरी पाणी न मागणारं कुणीतरी असू दे, म्हणून त्यांनी परसात ही मांसल पानांची झाडं लावली. पाइपसाठी खणलेल्या चरांतले दगड सायकलवरून आणले, फटींत भरड रेती भरली. दगडांत मावेनात ती रोपं फुटक्या किटलीत आणि गंजलेल्या व्हॉल्व्हच्या पोटात गेली. आल्यागेल्याला ते फांदी तोडून द्यायचे आणि ऐटीत सांगायचे, “लावा आणि विसरून जा. मी थेंबसुद्धा घालत नाही.”

आई तेव्हा हटकून आत काहीतरी आणायला जायची. हसू लपवायला.

“उपटून टाकतो सगळी,” बाबा आता म्हणाले. “तिच्यामागे यांनाही राहायचं नाही.”

मला राहवेना. आईला दिलेला शब्द मी मोडला.

“बाबा, आई पाणी घालायची यांना.”

“काहीतरीच.”

“उन्हाळ्यात, एक आड एक बुधवारी. औषधाच्या बाटलीनं, एकेकाच्या मुळाशी. मी शाळेत असताना पाहिलं होतं. म्हणाली, त्यांना सांगू नकोस, तेवढीच एक फुशारकी आहे बिचाऱ्यांची.”

मला वाटलं, चिडतील. ते पायरीवर बसले.

“नोकरीत होतो तेव्हाचं सोड,” ते म्हणाले. “पण रिटायर होऊन दहा वर्षं घरातच आहे मी. मला दिसलं कसं नाही?”

मग ते एकदम उठले, आत जाऊन आईच्या शिलाई मशीनचा खण ओढला. खण रिळांनी गच्च भरलेला. लाल, निळी, पोपटी. बहुतेकांचा कागदही फाडलेला नव्हता.

“बुधवारी दोरा आणायला पिटाळायची मला,” बाबा म्हणाले. “तोही बाजाराच्या पार टोकाच्या दुकानातून. एवढं शिवतेस तरी काय, म्हणून भांडलो गं मी तिच्याशी.”

शेवटची दोन वर्षं आईनं मशीनला हातही लावला नव्हता. मला रडू आवरेना. बाबांनी खण हळूच लावून घेतला.

पुढच्या बुधवारी मी गेले, तर ते चपला घालून दाराशीच उभे होते.

“दोरा घेऊन येतो जरा. तासभर लागेल.”

“कुठला रंग?”

“बघतो दुकानात.”

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबले. मोरीच्या फळीवर ती बाटली अजून होती. आई करायची तसं, पानं न भिजवता एकेका मुळाशी पाणी सोडलं. बाबा आले तेव्हा रेती ओलीच होती. त्यांनी परसाकडे पाहिलं नाही. खण उघडून पिवळं रीळ आत ठेवलं.

असे आणखी दोन बुधवार गेले. किटलीतलं रोप गेलं ते गेलंच, पण बाकीची बरीचशी सावरली. कोरफडीची पानं पुन्हा टणक झाली. एका संध्याकाळी शेजारच्या शिक्षिका फांदी मागायला आल्या.

“पाणी किती घालायचं हो याला?”

“मी तर थेंबसुद्धा घालत नाही,” बाबा म्हणाले.

मी आत काहीतरी आणायला गेले.