संमोहनवाल्या बाईंची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. बोलतेय म्हणजे कुरकुरतेय. कुणी टेकलं की माझे सांधे आधी आवाज करतात आणि शब्द मागून येतात. वय झालं, सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. साधं लाकूड, लोखंडी सांगाडा, वर जाड फोम आणि तपकिरी रेक्झिन. बाजूची दांडी ओढली की माझी पाठ मागे जाते आणि पाय वर येतात. या एका गुणावर माझं आयुष्य निघालं. माझे पहिले मालक निवृत्त पोस्टमास्तर. माझ्यावर बसून वर्तमानपत्र उघडायचे आणि पहिल्या पानावरच घोरायला लागायचे. सुखाचे दिवस होते. ते गेल्यावर सुनेला मी अडगळ वाटले, आणि जुन्या सामानाच्या दुकानातून मी बाईंकडे आले.

बाई संमोहनाने उपचार करतात. चष्म्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत जाड पडदा, एक स्टूल आणि मी. त्यांच्याकडे येतात ती अशी मुलं, ज्यांच्यापुढे घरानं आणि शाळेनं हात टेकलेले असतात. बस म्हटलं की उभी राहणारी, दारं आपटणारी, एकाला दोन ऐकवणारी. मी त्यांच्या लाथा खाल्ल्यात, माझ्या हातांवर त्यांची नखं उमटलीत. मुलांचा मला फारसा त्रास झाला नाही. मी दमले ती त्यांच्या आईबापांना ऐकून.

त्यांची समजूत अशी, की बाई पोराला झोपवणार, कानात 'मोठ्यांचं ऐक' म्हणणार, आणि उठल्यावर पोर गरीब गाय होणार. बाई प्रत्येकाला समजावतात की यात कुणी झोपत नाही, कुणाच्या ताब्यात जात नाही. मन एका जागी निवांत होतं, एवढंच, आणि नकोसं वाटेल ते तिथेही कुणी करत नाही. माझं हे पाठ झालंय. पालक माना डोलावतात. पालथ्या घड्यावर पाणी.

अशातच एक दिवस तोफ आली. चौदा वर्षांची मुलगी, घरात तिला सगळे तोफच म्हणायचे. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे, आई दुपारपाळीला, म्हणून तेच तिला घेऊन येत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की शाळा नव्याने सुरू होईपर्यंत पोरगी सुधारली नाही तर तिची रवानगी कडक शिस्तीच्या निवासी शाळेत. मुलगी शेजारीच उभी होती. तिने फक्त नाक उडवलं, पण नंतर माझे हात तिने असे घट्ट धरले की मला कळलं, पोर घाबरलीय.

बाई मुरलेल्या. म्हणाल्या, इथे डोळे मिटायचे नाहीत हं, उघडेच ठेव. तिने ताबडतोब मिटले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, हे तुझं तू ठरवलंस. तिथून दोघींचं जमलं.

राग पोटातून घशाशी येतो, त्या वाटेवर एक श्वास थांबायचं. तो श्वास बाई तिला शोधायला शिकवत होत्या. हळूहळू माझ्या हातांवरची नखं सैल झाली. घरी अजून 'नाही' म्हणते पण दार हळू लावते, असं वडीलच सांगू लागले. मग बाईंनी झोपताना ऐकायला म्हणून आपल्या आवाजात शांत व्हायचे शब्द वडिलांच्या फोनवर भरून दिले. मुलीकडे फोन नव्हता.

पुढच्या खेपेला मुलगी आली ती माझ्या काठावर ताठ बसली. पाठ टेकेना, बूट काढेना. बाईंनी स्टूल जवळ ओढलं. मग ती म्हणाली, "तुमचा आवाज संपला की बाबांचा लागतो. 'मी बाबांचं ऐकणार, मी उलट बोलणार नाही.' मी झोपले असं समजून रोज तेवढंच लावत बसतात. मी जागीच असते. तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?"

बाईंचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांची मेहनत एका झटक्यात मातीत गेली होती. त्यांनी वडिलांना आत बोलावलं. वडिलांनी नाकारलं नाही. उलट त्यांना त्यात काही वावगंच वाटत नव्हतं. औषध लागू पडतंय तर थोडा जोर लावावा, असा त्यांचा हिशेब. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. "मला तरी कुठे पाठवायचंय हिला?" ते म्हणाले. "म्हणून तर केलं."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझ्या मनात आलं. बाईंच्याही आलं असावं. त्यांनी मुलीला उठवून स्टुलावर बसवलं आणि वडिलांना माझ्यावर. मग मुलीला म्हणाल्या, डोळे मिटून तू जिथे जातेस ना, तिथे आज यांना घेऊन जा. यायचं असेल तर येतील.

वडील बसले ते पाहुण्यांच्या घरी बसावं तसे. मुलीने बाईंची नक्कल करत सुरुवात केली. खांदे सोडा, म्हणाली. ते सोडेनात. "बाबा, सोडा म्हटलं ना." मग सोडले. इतकं थकलेलं अंग माझ्यावर फार दिवसांत पडलं नव्हतं.

"आपण गच्चीवर आहोत," ती म्हणाली. नक्कल केव्हाच गळून पडली होती. "लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. मी लहान आहे. मोटार गरम आहे, तेलाचा वास येतोय. तुम्ही आत वाकलाय आणि मी बॅटरी धरलीय. माझा हात दुखतोय, पण मी हलवत नाही. तुम्ही ओरडत नाही. नुसतं म्हणता, इथे धर. मी धरते." मग म्हणाली, "मला त्या शाळेत नका पाठवू."

वडिलांनी डोळे उघडले नाहीत. माझं डोक्याकडचं रेक्झिन दोन्ही बाजूंनी ओलं झालं. तसेच पडून ते म्हणाले, "हात दुखत होता तर सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही."

तिला पाठवलं नाही. फोनमधला तो आवाज त्यांनी तिच्यासमोर पुसला. ती गरीब गाय झाली का? छे. अजून दोघांची खडाजंगी होते म्हणे, पण पुढे बरेच महिने बापलेक आळीपाळीने माझ्यावर बसले.

तेव्हापासून बाई आधी पालकांना बसवतात. ते ऐकून कित्येक जण जिन्यातूनच परत फिरतात. आता माझी दांडी अडकलीय, फोम बसलाय, रेक्झिनवर चिकटपट्ट्या आहेत. आत नवी खुर्ची आलीय आणि मी बाहेरच्या खोलीत आहे, वाट बघणाऱ्या पालकांसाठी. पाय हलवत ते एकच विचारतात, किती दिवसांत नीट होईल? ऐकून मला थकवा येतो. पण खरं सांगू, तुम्हीही थकलेलेच असता. तुमचं वजन मला कळतं.

म्हणून मोडीत जायच्या आधी एक मागणं आहे. आत तुमचं मूल बसलंय. बाहेर आल्या आल्या 'आता ऐकशील ना?' हे नको. कुठे दुखतंय का, एवढं विचारा. उत्तर उलटं आलं तरी चालेल.