काच कापतानाचा आवाज

फ्रेमवाल्याच्या बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि मगच बोलायला सुरुवात केली.  दार लोटून सांगायची गोष्ट चांगली नसते, एवढं त्याला कळत होतं.

स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. आज हात, उद्या पाय, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. डोकं बहुतेक शाबूत राहील. थांबवणारं औषध नाही.

"जिभेचं तेवढं शेवटी ठेवा, डॉक्टर," बायको म्हणाली. "नाहीतर यांना रान मोकळं मिळेल."

कोणीच हसलं नाही, तेव्हा ती एकटीच हसली. मग डॉक्टरांनी उरलेलं सांगितलं. हा आजार सगळ्यांच्यात वारशाने येत नाही, पण हिच्यात तसाच आलाय. मुलीत उतरला असण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासलं तर कळेल. तपासायचं की नाही, ते मुलीनेच ठरवायचं.

घरी येताना बायकोने त्याला बजावलं, "पोरीला आत्ता सांगू नका. आधी माझं होऊन जाऊ दे. मग सांगा. पण सांगा."

फोटोफ्रेमच्या दुकानात तो लाकडी पट्ट्या कापायचा, चौकटी ठोकायचा. काच कापायचं काम बायकोचं. काचेवर हिरा, म्हणजे हिऱ्याच्या टोकाची लेखणी, ओढायचा तो एका दमात, सारख्या दाबाने. आवाज कापड फाडल्यासारखा एकसलग यायला हवा. मध्ये तुटला की काच वाकडी फुटते. आजाराच्या सुरुवातीला तिच्या हातून काचा वाकड्या फुटू लागल्या, तेव्हा त्याने आधी काचवाल्याशी भांडण काढलं, मग नवा हिरा आणला, मग टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला. हाताकडे बघायचं सुचलंच नाही. बघितलं तोवर अंगठ्याजवळचं मांस झिजून खळगा पडला होता. दंडावरचं मांस आपोआप फडफडत होतं, कातडीखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं.

पुढे डॉक्टर म्हणाले तसंच झालं. फक्त जीभ लवकर गेली. पाण्याचा घोट अडकला की ती डोळे मोठे करून त्याच्याकडे बघायची, आणि तो पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे काही करू शकायचा नाही. एका दुपारी तो उशी सारखी करत असतानाच तिचा श्वास थांबला.

त्यानंतर काच मुलगी कापू लागली. आतल्या खोलीत तिने हिरा उचलला की बाहेर त्याची करवत थांबायची. आवाज पुरा झाला की तो श्वास सोडायचा. सांगायचं रोज ठरवायचा आणि रोज भलतंच काहीतरी बोलायचा. बरण्यांची झाकणं घट्ट आवळून ठेवायचा आणि तिला उघडायला द्यायचा.

"पुन्हा बरणी, बाबा?"

"मनगट दुखतंय गं माझं."

"हातोडी मारताना बरं दुखत नाही."

झाकण फिरलं की त्याला जरा बरं वाटायचं. ते जेवणापर्यंत टिकायचं. जेवताना तिच्या बोटांतून चमचा निसटला की तो हातातला घास ताटात ठेवायचा.

एका सकाळी आवाज मध्येच तुटला. हातातली पट्टी टाकून तो आत धावला. टेबलावर काच वाकडी फुटली होती आणि मुलगी तिच्याकडे बघत उभी होती.

"हिरा बोथट झाला असेल," तो म्हणाला. "नवा आणतो."

"आईलाही हेच म्हणाला होतात."

 तो खोक्यावर बसला.

"मला माहीत आहे, बाबा. नंतर आईला तपासायला मीच नेत होते ना? आईकडच्या आजीचा हातही असाच गेला होता, आईनेच सांगितलं होतं. मग मी डॉक्टरांना सरळ विचारलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? मला माहीत नाही या समजुतीवर तुम्ही निदान दोन घास खात होतात."

त्याने तिच्या हाताकडे बोट दाखवलं. 

"तुमची करवत थांबली की मला कळतं, बाबा कान देऊन बसलेत. मग हात थरथरतो." तिने मूठ मिटून उघडली. "म्हणूनच थरथरतो की आणखी कशाने, ते मला ठाऊक नाही. अंगठा मीही रोज बघते."

"खळगा दिसतो?"

"एक दिवस दिसतो, एक दिवस नाही."

तिने हात पुढे केला. त्याने तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला, दाबून पाहिला. धडधाकट हात कसा दिसतो तेच त्याला आठवेना. स्वतःचा हात शेजारी धरला, तर त्यातही खळगा दिसू लागला.

"जायचं का तपासायला?" त्याने विचारलं.

"आणि 'आहे' निघालं तर? ते सगळं परत बघाल तुम्ही?"

त्याने तिचा अंगठा पुन्हा दाबून पाहिला.  मुलीने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि फुटलेले तुकडे गोळा करायला लागली.

डॉक्टरांचा नंबर दोघांकडेही आहे. रक्त अजून दिलेलं नाही.