किल्ली कोणाकडे आहे?

"बिस्किटांना आत्ता हात लावू नका! आधी फोटो!" सेतूसर ओरडले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने तोंडापर्यंत नेलेलं बिस्कीट निमूटपणे परत बशीत ठेवलं. ते पाहून दुभाषीबाईंनी आपल्या हातातलंही खाली ठेवलं.

संस्थेच्या संचालकांना वस्तीत कुणी नावाने ओळखत नसे. दोन संस्कृतींमधला सेतू त्यांच्या प्रत्येक भाषणात हटकून यायचा, म्हणून ते सेतूसर. दूतावासाच्या अनुदानावर त्यांनी या लोकांकडून मुखवटे रंगवून घेतले होते, भिंती रंगवून घेतल्या होत्या, वयस्कर बायकांना एकमेकींचे हात धरून गोल फिरायला लावलं होतं. यंदाच्या प्रकल्पाचं नाव होतं 'नागरिकांचा आवाज'. खुर्च्यासुद्धा गोलात मांडल्या होत्या, कारण दूतावासाला गोल आवडतो.

दुभाषीबाई दूतावासाची परकी भाषा शिकल्या त्या तरुणपणी, एका जहाज कंपनीत टायपिस्ट असताना. कंपनी बुडाली, पुढे नवरा अंथरुणाला खिळला, आणि त्या भाषेवरच घर चालू लागलं. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. आजचा कार्यक्रम नीट पार पडला की संस्थेत कायम करतो, असा शब्द सरांनी दिला होता. म्हणून तर सरांचं असलं सगळं त्या चालवून घेत होत्या.

दूतावासातली पाहुणी आली. वयाने लहान, हसरी, डोळे पटकन भरून येणारी. सरांनी इस्त्रीवाल्या आजींना उभं केलं.

"मी काय भाषण करणार?" आजी म्हणाल्या. "माझ्या पोराला दमा होता. भर दुपारी श्वास अडकला त्याचा. सरकारी दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, पण त्याला कुलूप. आत औषधं आहेत, खिडकीतून दिसतात. मी दगड मारला कुलपावर, नाही तुटलं. मग हातगाडीवर घालून मोठ्या इस्पितळाकडे निघालो, तर बाजाराच्या वळणावरच गार झाला तो. कुलूप अजून तसंच आहे. मला एवढंच विचारायचंय, किल्ली कोणाकडे आहे?"

दुभाषीबाईंनी शब्दाला शब्द सांगितला. पाहुणीने छातीवर हात ठेवला, डोळे टिपले आणि मग ती बराच वेळ बोलली.

"काय म्हणाली?" आजींनी आशेने विचारलं.

हे सांगू नये असं दुभाषीबाईंना वाटलं. पण सांगायचं तर होतंच. "त्या म्हणतात, किती सुंदर कल्पना आहे. किल्ली आपल्या प्रत्येकाच्या आत असते."

आजींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माझ्या आत? अगं बाई, माझ्याकडे असती तर मी उघडलं नसतं का?"

हेही दुभाषीबाईंनी जसंच्या तसं सांगितलं. पाहुणीने मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं. तिला तेही आवडलं होतं.

तेवढ्यात सर कानाशी वाकले. त्यांच्या तोंडाला बिस्किटाचा वास येत होता. "उजेड कमी पडला हो. खिडकीकडे तोंड करून परत बोलायला सांगा. ते सरकारी वगैरे गाळा, उगीच राजकारण नको. आणि दगड कसा मारला ते हाताने करून दाखवू दे. रडल्या तर उत्तमच." मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट करून पाहुणीला पुन्हा एकदा घेतो अशी खूण केली.

"त्यांना त्रास होणार नसेल तरच हं," पाहुणी आपल्या भाषेत हळुवारपणे म्हणाली.

दुभाषीबाईंनी निरोप पोचवला.

"ऐकू नाही आलं का त्यांना?" आजींनी विचारलं.

"आलं."

"मग?"

"कॅमेऱ्यासाठी पुन्हा हवंय."

आजींनी क्षणभर विचार केला. पुन्हा सांगितल्याने कुलूप उघडणार असेल तर सांगू, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "माझ्या पोराला..." म्हणत त्यांनी नसलेला दगड धरून हात वर उचलला. कॅमेरावाला पुढे सरकला.

दुभाषीबाईंनी तो हात धरला आणि खाली घेतला. मग पाहुणीकडे वळून परक्या भाषेत म्हणाल्या, "त्या नाही म्हणतात. मुलगा एकदाच मेला, म्हणतात."

पाहुणीचा चेहरा लालबुंद झाला. सरांना ती भाषा कामापुरती येत होती. "असं कधी म्हणाल्या त्या?" ते दातओठ खात कुजबुजले.

"त्या नाही म्हणाल्या. मी म्हणाले."

"उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं," दुभाषीबाई म्हणाल्या.

सरांनी लगेच हसून टाळ्या वाजवल्या. "चला, पुढचं कोण?" काठी टेकत एक बाई उठली. सरांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून खिडकीकडे वळवलं.

दुभाषीबाई आणि आजी बाहेर पडल्या. आजींचं इस्त्रीचं दुकान सभागृहाच्या मागेच होतं.

"काय सांगितलंत हो त्यांना?" आजींनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणताय, असं."

"मी तर काहीच म्हणाले नव्हते."

"हो. खोटंच सांगितलं."

आजींनी कुलपाचं नाव काढलं नाही. दुकानाच्या कोपऱ्यातलं स्टूल ओढून हातानेच पुसलं. "बसा. पोरगा बसायचा यावर."

दुभाषीबाई बसल्या. आजींनी गठ्ठ्यातून कुणाचा तरी सदरा काढला, त्यावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवू लागल्या. आधी कॉलर, मग बाह्या. सभागृहातून टाळ्यांचा कडकडाट आला. आजींनी मान वर केली नाही. सदऱ्याची एक चुणी राहिली होती, तिच्यावर त्यांनी इस्त्री जरा दाबून धरली.