रुखीचे पाच डाग

"ये दाग किसने दिए?"

डॉक्टरांनी रुखीचा झगा वर उचलून विचारलं. डॉक्टर मंचेरियलकडचे तेलुगू, हिंदी जेमतेम. पण प्रश्न कळायला भाषा लागत नव्हती. तीन वर्षांच्या पोरीचं पोट टम्म फुगलेलं आणि त्यावर पाच डाग, त्यातले दोन पिकलेले. रुखीचा बाप देवाजी पोरीचा झगा खाली ओढायला गेला. स्वतःच्या आईचं नाव घ्यायचं कसं?

"म्या देल्ले," मागून बयनाबाई म्हणाली. "माही नात हाये."

हे सत्त्याऐंशी सालचं. पैनगंगेकाठच्या गावांत बयनाबाईचा हात नावाजलेला होता. लेकराचं पोट फुगलं की फिया, म्हणजे पोटातली प्लीहा, वाढली म्हणायचं आणि तिच्या दारी न्यायचं. विळ्याचं टोक लालभडक करून ती तीन डाग देई. तो विळा आढ्याला खोचलेला असे, त्यानं कधी गवताची काडी कापली नाही. बाई कोणाकडून नारळसुद्धा घेत नसे. जी पोरं वाचली ती तिच्या हाताच्या गुणानं, जी गेली ती आपापल्या नशिबानं. जगाची रीतच आहे ही, एकट्या बयनाबाईला काय बोलायचं!

रुखीच्या वेळी मात्र पंचाईत झाली. अख्खं गाव अंगणात जमलं होतं. घरच्या पोरीला हात हलका लावला, असं उद्या कोणी म्हणू नये! बाईनं रीतीचे तीन दिले आणि वर आणखी दोन दिले. सुनेनं रडत हात धरला, तर म्हणाली, "सोड. पराया लेकराले एक न्याय अन् आपल्याले दुसरा?"

पोट काही उतरलं नाही. दसरा झाला तसा देवाजीनं जन्मात पहिल्यांदा आईचा शब्द मोडला आणि पोरीला आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं. बयनाबाई न बोलावता मागोमाग गाडीत चढली.

पोटात मोठी गाठ होती. ती काढायची तर चिरा नेमका पिकलेल्या डागांवरून जाणार. आधी ते सुकायला हवेत, नाहीतर पू आत उतरेल. गाठ वाईट निघाली तर हा थांबण्याचा वेळ महागात पडणार, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं.

तीन आठवडे बयनाबाई खाटेखाली बसून होती. रोज सकाळी नर्स रेणुकाबाई चिकटलेली पट्टी ओढून काढायची. पट्टीला हात नर्सचा, पण रुखी किंचाळायची, "आजी, नको! आजी, नको!" म्हातारी तोंडात पदर कोंबायची. पण उठून बाहेर गेली नाही.

शेवटी ऑपरेशन झालं. रेणुकाबाईनं ट्रेमध्ये गाठ आणून दाखवली. पिवळी धम्मक, लोण्याच्या गोळ्यासारखी, चांगली दोन किलोची. तुकडा तपासायला हैदराबादला गेला. महिन्यानं कागद आला, तशी मायलेकरं पुन्हा दवाखान्यात आली.

"नुसती चरबी हाये, आजीबाई," रेणुकाबाई म्हणाली. "कॅन्सर नाई. लेकराइले अशी गाठ लय क्वचित होते."

"मंग फियाचं काय?"

"फिया धडधाकट व्हती."

देवाजी हात जोडून रडायला लागला. बयनाबाईलाही आनंद झाला, का होणार नाही! पण आजवर तिच्या विळ्याखालून गेलेली पोरं तिला एकेक करून आठवायला लागली.

पुढच्या हप्त्यात धोंडीबाची सून लेकरू घेऊन दारात आली. बयनाबाई आढ्याच्या त्याच विळ्यानं बैलांसाठी कडबा तोडत होती.

"माहा हात आता चालत नाई, माय. दवाखान्यात जा. मी येतो संगं."

रुखी बारा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. न्हाणीत आजीपुढे बसून ती पोटावर बोट फिरवत होती.

"ही लांब खूण डाक्टरची. अन् ह्या पाच कायच्या, आजी?"

"तीन रीतीच्या."

"अन् दोन?"

"त्या माह्या अब्रूच्या."

रुखीला काही कळलं नाही, ती हसली. म्हातारीनं तळहातावर तेल घेतलं आणि नेहमीसारखं आधी त्या दोन डागांना लावलं.