गरम मुशीचं वजन

मित्रांनो, विद्यापीठाच्या रसायनशाळेत पहिल्या वर्षाच्या टेबलावर जो जुना वजनकाटा दिसतो, तो मी. मिठाचा एक कण ठेवलात तरी मला कळतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझा मोठा मान होता. संशोधक हातमोजे घालून मला हात लावत. मग नवे काटे आले आणि माझी रवानगी इथे झाली. इथे माझ्याशेजारी कोपरं टेकवतात, पावडर सांडतात आणि आकडा पटला नाही की मलाच टपली मारतात.

तरी नवी मुलं मला आवडतात. ती घाबरून श्वास रोखतात, त्यामुळे माझा आकडा हलत नाही.

एका शुक्रवारी मात्र मीच घाबरलो होतो. साडेतीनला मागच्या बाकावरची मुलगी माझ्यासमोर आली. तिच्या शाळेत प्रयोगाच्या कपाटाला कायम कुलूप असायचं. इथे येऊन तीन आठवडे झाले, पण तिने कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. अ‍ॅप्रनच्या खिशात नाव काढून घेण्याचा अर्ज होता. ती फोनवर हळू आवाजात म्हणाली, "आई, ऑफिस चारला बंद होतं. आज अर्ज दिला तरच घराजवळच्या कॉलेजात जागा मिळेल. हे एक वजन करते. तेही चुकलं तर जातेच."

मूस म्हणजे चिनी मातीची छोटी वाटी. तिच्यात मीठ तापवून त्यातलं पाणी उडवायचं आणि मग वजन करायचं. तिने मूस जाळावरून काढली आणि थोड्याच वेळात माझ्यावर ठेवली. मी १८.२१०४ दाखवलं. मग १८.२१३१. मग १८.२१६०. ती आकडा लिहायची आणि खोडायची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे आकड्यांशिवाय भाषा नाही.

प्रयोगशाळा सहायक काका फडकं घेऊन तिथे आले. "किती आलं?"

"चुकलंय, काका."

"चूक नाही विचारली. आकडा विचारला."

"सारखा वाढतोय. पुढच्या बाकावर सगळ्यांचं १९.०४२२ आलंय."

काकांनी पुढच्या पाच वह्या चाळल्या. "या मुशी काय जुळ्या बहिणी आहेत? चौथ्या दशांशापर्यंत सारख्या? एकाने मोजलं, चौघांनी उतरवलं. शेजाऱ्याशी जुळलं की बरोबर, ही शाळेतली सवय."

पुढच्या बाकावरच्या माना खाली गेल्या.

"मग माझं?"

"तुझी मूस गरम आहे. तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि तिला जराशी उचलते. मूस निवतेय, म्हणून आकडा चढतोय. तिला डेसिकेटरमध्ये ठेव, त्या झाकणाच्या काचेच्या भांड्यात. ओल न लागता निवेल. वीस मिनिटं लागतील."

घड्याळात पावणेचार वाजले होते. तिचा हात खिशाकडे गेला. अर्जाचा कोपरा काकांना दिसला.

"जायचं तर जा, मूस मी सांभाळतो," ते म्हणाले. "पण आधी का नाही विचारलंस?"

"बाकी सगळ्यांना येतं असं वाटलं."

"सगळ्यांना असंच वाटतं, पोरी."

ती दारापर्यंत गेली. माझं पारडं रिकामं होतं, पडद्यावर शून्य होतं. मी आयुष्यभर शून्य दाखवत आलोय, पण ते शून्य सोसवेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तिला गाठलं आणि खाली बघत विचारलं, "तुझ्याबरोबर माझीही मूस निववू का? मला खरं तर वजन करताच येत नाही. शेजारच्याचंच उतरवलं मी."

ती थांबली. घड्याळाकडे पाहिलं. मग परत आली आणि दुसरं स्टूल ओढलं.

चार वाजले. पलीकडच्या इमारतीत ऑफिसचं शटर पडल्याचा आवाज आला. दोघींनीही मान वर केली नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी मी १८.२१९७ दाखवलं आणि तिथेच थांबलो. तिने तो आकडा लिहिला. खोडला नाही.

मित्रांनो, मला फडक्याने पुसा, माझ्याशेजारी कोपर टेकवू नका, एवढं तर मागतोच. पण तुमच्या वर्गात कुणी नवीन आलं असेल आणि गप्प बसत असेल, तर त्याला तोलायची घाई करू नका. जाळातून नुकत्याच बाहेर आलेल्या कशाचंही वजन मला खरं सांगता येत नाही. शेजारी स्टूल ओढा आणि ते निवेपर्यंत बसा.